परक्या गावातल्या रोजच्या जागा

बंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्यानं पूर्वेला निघालं की साधारण पंचवीस किलोमीटरवर होसकोटे लागतं. सुगटूरच्या तम्मेगौडा या पाळेगारानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथं नवा कोट बांधला आणि त्यावरूनच गावाला नाव पडलं. अविमुक्तेश्वराचं जुनं देऊळ, दक्षिण पिनाकिनी नदीवरचा विस्तीर्ण तलाव आणि जुनी पेठ ही गावाची मूळची ओळख. आज तिच्याभोवती दुसरंच गाव उभं राहिलं आहे. वोल्वोचा कारखाना, देवनगोंथीचे तेलाचे डेपो, ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांची अवाढव्य गोदामं, कोलारच्या वाटेवर नरसापूरची औद्योगिक वसाहत, चेन्नईला जाणाऱ्या नव्या द्रुतगती मार्गाचं सुरुवातीचं टोक. या कामांसाठी देशभरातून माणसं या पट्ट्यात येतात आणि त्यांत मराठी माणसंही असतात. मराठी माणसाला होसकोटे तसं नवं नाही. विजापूरच्या रणदुल्ला खानानं १६३८मध्ये बंगळुरू घेतल्यावर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तिच्यात बंगळुरू आणि कोलारबरोबर होसकोटेही होतं. पुढे १७६८च्या ऑगस्टमध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी इथं पडली होती आणि हैदरअलीनं रात्री घातलेला हल्ला त्यांच्या फौजेनं परतवून लावला होता. पण ती माणसं फौजफाट्यासह, कारकून-पुरोहितांसह, कवींसह आली. शहाजीराजांच्या बंगळुरूच्या दरबाराचं वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, त्या दरबारात कितीतरी भाषांमधले कवी हजेरी लावत. म्हणजे आपलं गणगोत ते सोबत घेऊनच आले होते. आज येणारा माणूस एक बॅग आणि नेमणुकीचं पत्र घेऊन येतो. तो इथं रुजतो कसा, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आपल्याकडे तयार असतं: आपली माणसं शोधावीत, महाराष्ट्र मंडळात जावं, गणपतीला एकत्र यावं. हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. माझं म्हणणं असं की परक्या ठिकाणी माणसाला घरच्यासारखं वाटू लागतं ते मुख्यतः चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या, पुन्हा पुन्हा जाव्या लागणाऱ्या साध्या जागांमुळे. चहा-कॉफीचं दुकान, भाजीचा गाडा, दुधाचं केंद्र, बसथांबा, पिंपळाचा पार, तलावाचा बांध. सण वर्षातून एकदा येतो, मंडळाची सभा महिन्यातून एकदा होते. एकटेपणा मात्र रोज संध्याकाळी सहा वाजता येतो. त्याच्यावरचा उतारा रोज आणि जवळ मिळणाराच हवा.

आधी, परक्या ठिकाणी नेमकं काय हरवतं ते पाहू. आई-वडील, मित्र, गावची हवा हे तर झालंच. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट असते आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या गावात आपण शेकडो कामं विचार न करता करत असतो. कुठली बस कुठे जाते, रिक्षावाल्याशी किती घासाघीस करायची, दुकानदाराला काय म्हणून हाक मारायची, रांग कुठून सुरू होते, सुटे पैसे नसतील तर काय करायचं, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. बंगळुरू काही परदेश नाही, तिथं जायला पासपोर्ट लागत नाही. तरी बसची पाटी कन्नडमध्ये असते आणि पुण्या-नाशकाकडचा पदवीधर तिच्यासमोर निरक्षर ठरतो. साधं काम करायलाही त्याला कुणाला तरी विचारावं लागतं आणि विचारताना आपण इथले नाही हे दर वेळी जाहीर करावं लागतं. दुबई, टोरंटो किंवा म्युनिकला गेलेल्या मराठी माणसाचं दुखणं जातीनं हेच असतं, फक्त मात्रा अधिक. हा रोजचा सराव गेल्यानं येणारा थकवा सणाच्या पुरणपोळीनं भरून येत नाही. तो सराव नव्यानं व्हावा लागतो आणि त्यासाठी अशी एखादी जागा लागते, जिथे चूक झाली तरी फार बिघडत नाही.

दक्षिण कर्नाटकातली ‘दर्शिनी’ या कामासाठी जणू मुद्दाम घडवलेली आहे. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या जयनगरात या पद्धतीचं उपाहारगृह सुरू झालं आणि तिथून ती शहरभर आणि आसपासच्या गावांत पसरली. गल्ल्यावर आधी पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती आतल्या माणसापुढे ठेवायची, इडली-वडा किंवा खारा भात हातात घेऊन उंच टेबलाशी उभं राहून खायचं, भांडी ठरलेल्या जागी ठेवून निघायचं. सगळा क्रम दहा मिनिटांचा. टेबल कुणा एकाचं नसतं, त्यामुळे शेजारी अनोळखी माणूस उभा राहतो आणि त्यात कुणालाच अवघड वाटत नाही. एकट्यानं खाणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. खर्च बेताचा, त्यामुळे रोज जाता येतं. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून देणारी ‘बाय-टू’ची पद्धत तर खिसा आणि सोबत दोन्हींचा विचार करून रुळलेली आहे. पहिल्या दिवशी नवखा माणूस चिठ्ठी न घेताच थेट कॉफीच्या खिडकीशी जातो. आठवड्याभरात त्याला क्रम पाठ होतो. महिन्याभरात गल्ल्यावरचा माणूस त्याला पाहताच चिठ्ठी फाडू लागतो. यात जिव्हाळ्याचं संभाषण झालेलं नसतं, कुणी कुणाचं नाव विचारलेलं नसतं. तरीही दोन गोष्टी घडलेल्या असतात: त्याला इथलं एक काम विचार न करता जमू लागलेलं असतं आणि इथल्या एका माणसाच्या लेखी तो अस्तित्वात आलेला असतो. परक्या गावातला दिलासा या दोन गोष्टींनी बनतो. होसकोट्याची पहाटेची दम बिर्याणी आज बंगळुरूभर नावाजलेली आहे. लोक अंधारात गाड्या काढून तिच्यासाठी येतात. पण इथं राहायला आलेल्या माणसाच्या दृष्टीनं त्या प्रसिद्ध रांगेपेक्षा घराजवळचं साधं कॉफीचं दुकान अधिक मोलाचं आहे, कारण तिथं तो उद्याही जाणार आहे.

ही केवळ भावना नाही, तिला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेनं रोज ये-जा करणाऱ्यांचा अभ्यास केला. एकाच फलाटावर वर्षानुवर्षं एकमेकांना पाहणारे, पण कधीच न बोललेले लोक असतात, आणि ते नात्याच्या अभावाचं लक्षण नसून तेही एक प्रकारचं नातंच असतं, असं त्यांनी दाखवून दिलं. अडचणीच्या वेळी, किंवा नेहमीच्या जागेपासून दूर कुठे गाठ पडली, तर हीच माणसं चटकन बोलू लागतात. पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२मध्ये याहून नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. चार तरुणींना एका वर्गात वेगवेगळ्या वेळा नुसतं येऊन बसायला सांगितलं. एक कधीच आली नाही, बाकीच्या पाच, दहा आणि पंधरा वेळा आल्या. कुणीही वर्गातल्या कुणाशी बोललं नाही. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना त्यांची छायाचित्रं दाखवली, तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती त्यांना अधिक आवडती आणि अधिक आपल्यासारखी वाटली. नुसतं पुन्हा पुन्हा दिसणं एवढं काम करतं. व्हँकुव्हरमध्ये गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी कॉफीच्या दुकानात केलेली पाहणी २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. काही ग्राहकांना विक्रेत्याकडे पाहून हसायला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, काहींना फक्त झटपट व्यवहार उरकायला. पहिल्या गटाची मनःस्थिती अधिक चांगली होती आणि आपण इथले आहोत ही जाणीवही त्यांच्यात अधिक आढळली. एका पेल्याच्या खरेदीनं आयुष्य पालटत नाही, हे खरं. पण ही खरेदी वर्षातून तीनशे वेळा होते, हेही लक्षात घ्यायला हवं.

आपल्या इतिहासात याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून मुंबईच्या गिरण्यांत आलेला कामगार खोली आठ-दहा जणांत वाटून घ्यायचा आणि जेवायचा खाणावळीत. गिरणगावातल्या त्या खाणावळी बायका आपल्या राहत्या खोलीतून चालवत. कामगार पगार झाला की महिन्याचे पैसे देई. संप झाला की याच बायकांनी त्यांना उधारीवर जेवू घातलं. या बायकांना सावकारी कर्जाच्या फासातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गावकीची मंडळं, भजनं, नमन हे सगळं गिरणगावात होतं आणि त्याचं महत्त्व कमी नाही. पण शहराशी कामगाराची गाठ घातली ती रोज दोन वेळा पानावर बसण्याच्या या जागेनं. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ज्या जागा आपण आपल्या शहराची ओळख म्हणून मिरवतो, त्यांतल्या कितीतरी बाहेरून आलेल्यांनी उभ्या केल्या आहेत. मुंबईचं इराणी हॉटेल इराणातून आलेल्या झरतुष्ट्रींचं. धोबीतलावजवळचं कयानी १९०४चं. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी भोजनगृह १९४२चं. पुण्याचं अमृततुल्य राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी रुजवलं. आणि बंगळुरूची शान मानलं जाणारं मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजे एमटीआर, १९२४मध्ये सुरू केलं ते उडुपीकडून आलेल्या मैया बंधूंनी. बाहेरून आलेल्या माणसाला स्वस्त जेवण आणि ओळख मिळण्याचं ठिकाण यांची गरज सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेनं कळते. तो स्वतःसाठी, आपल्यासारख्यांसाठी जागा मांडतो आणि एका पिढीत ती सगळ्या शहराची होते. तेव्हा या जागा म्हणजे ‘स्थानिकांचं’ काहीतरी आणि नवखा तिथला आश्रित, ही समजूतच चुकीची आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भाषा, संस्कार, सण हे जिथं मिळतं तीच खरी आपली जागा. कॉफीवाल्याच्या ओळखीनं मुलांना मराठी येणार नाही. हे पूर्णपणे मान्य आहे. आजारपणात, मृत्यूच्या प्रसंगी, कागदपत्रांच्या घोळात आपलीच माणसं धावून येतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून टिकून आहे, ते काही उगाच नाही. पण दोन्हींत स्पर्धा आहे असं मानण्याचं कारण नाही. तंजावरच्या मराठी घराण्यांकडे पाहा. व्यंकोजीराजे बंगळुरूहून तंजावरला गेले, मराठ्यांचं राज्य तिथं १८५५पर्यंत चाललं आणि ते संपल्यावरही तिथल्या कुटुंबांनी घरात आपली दक्षिणी मराठी पिढ्यानपिढ्या बोलत ठेवली. त्याच वेळी बाजार, देऊळ, शाळा, शेजार यांत ती पूर्णपणे तमिळ झाली. घर आणि उंबऱ्याबाहेरचं जग यांची अशी वाटणी झाल्यामुळेच ती माणसं तुटली नाहीत आणि विरघळलीही नाहीत. व्यंकोजीराजांनीच १६६९मध्ये बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या देवळाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. राज्यकर्त्यालाही स्थानिक देवळाशी नातं जोडल्याशिवाय त्या भूमीत पाय रोवता येत नव्हता. उलट, फक्त मंडळावर विसंबणाऱ्याचं काय होतं? होसकोट्यात राहणाऱ्याला गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत जायचं तर गर्दीच्या वेळी दोन तासही लागू शकतात. त्या कार्यक्रमातून तो भरल्या मनानं परततो आणि पुढचे तीस दिवस पुन्हा अनोळखी गल्लीत राहतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. दुकानदाराचं हसू हा धंद्याचा भाग. त्याला आपलेपणा म्हणणं ही स्वतःची समजूत घालणं झालं, वेळ आली की हे नातं उपयोगी पडत नाही. याचं उत्तर द्यायला एक दुःखद घटना आठवावी लागते. जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेची भीषण लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञानं शेजारीशेजारी असलेल्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्ही गरीब, दोन्हींत एकटे राहणारे वृद्ध बरेच. नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचं प्रमाण लाखामागे ४० होतं, तर मेक्सिकोतून आलेल्या स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेल्या साउथ लॉनडेलमध्ये अवघं ४. पहिल्या वस्तीतली दुकानं बंद पडली होती, रस्ते ओस होते, वृद्ध दार लावून घरात बसले. दुसऱ्या वस्तीत फुटपाथ गजबजलेले होते, दुकानं उघडी होती. म्हातारी माणसं एरवीही बाहेर पडत असत, म्हणून उकाड्यातही पडली आणि गार दुकानांत जाऊन बसली. कुटुंबाची घट्ट वीण हे स्थलांतरितांच्या बचावाचं एकमेव कारण मानायला क्लिननबर्ग तयार नाहीत, कारण त्या वस्तीत एकटे राहणारे बिगर-मेक्सिकन वृद्धही वाचले होते. रस्त्यानं त्यांना बाहेर ओढलं होतं. दुकानदाराचा हेतू धंद्याचा होता, हे कबूल. पण हेतू धंद्याचा असल्यामुळेच तो रोज न चुकता शटर उघडतो, आणि परक्या गावात असं न चुकता उघडं असणारं दारच आधी लागतं.

तिसरा आक्षेप मात्र मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करणार नाही. रोजच्या ओळखीला मर्यादा असतात. आसामातल्या हिंसाचारानंतर ऑगस्ट २०१२मध्ये बंगळुरूत अफवा पसरल्या आणि ईशान्येकडची हजारो माणसं दोन-तीन दिवसांत खास गाड्यांनी गुवाहाटीकडे निघाली. उपाहारगृहांत, दुकानांत, पहारेकऱ्याच्या नोकरीत जी माणसं शहराच्या रोज डोळ्यांपुढे होती, तीच ही माणसं. ओळखीचे चेहरे असूनही त्यांना इथं सुरक्षित वाटलं नाही. सुरक्षिततेची हमी सरकार आणि पोलिसांनीच द्यायची असते; कॉफीचं दुकान तिची जागा घेऊ शकत नाही. भाषेचा प्रश्नही आहेच. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याचा कायदा २०२४मध्ये झाला, त्याआधी रस्त्यावर आंदोलनं झाली. बेळगावच्या सीमाप्रश्नामुळे मराठी माणसाच्या मनात कन्नडविषयी एक अढी असते आणि तो ती बंगळुरूला सोबत घेऊन जातो. माझं मत स्पष्ट आहे: होसकोट्यात राहणाऱ्या मराठी माणसानं कन्नड शिकलंच पाहिजे, आणि ते शिकण्याची सर्वांत चांगली शाळा गल्ल्यापाशी आणि भाजीच्या गाड्यापाशी आहे. एष्टु (किती), साकु (पुरे), बेडा (नको), चिल्लरे इल्ला (सुटे नाहीत) इथून सुरुवात होते. अण्णा आणि अक्का तर आपल्याही घरात आहेतच. मुंबईत परप्रांतीयानं मराठी बोलावं असं आपल्याला वाटतं, तेच न्यायानं इथं आपल्याला लागू होतं.

कुणाला या जागा मोकळ्या आहेत आणि कुणाला नाहीत, हेही पाहायला हवं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ या २०११च्या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात दाखवलं आहे की बाईला सार्वजनिक जागेत काहीतरी काम असल्याशिवाय नुसतं थांबण्याची मुभा आपला समाज देत नाही. बसला निघालेली, भाजी घेणारी, मुलाला शाळेतून आणणारी बाई चालते. पारावर निवांत बसलेली बाई खटकते. नवऱ्याच्या बदलीमुळे परमुलखात आलेल्या, दिवसभर बंद सदनिकेत राहणाऱ्या बाईला अशा जागेची गरज सर्वांत जास्त असते आणि नेमकी तिलाच ती सर्वांत कमी मिळते. गोदामात रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी कामगाराचंही तेच. त्याची सुट्टी होते तेव्हा गाव झोपलेलं असतं आणि कंपनीची बस त्याला फाटकातून उचलून वसतिगृहाच्या फाटकात सोडते. वर्षभर राहूनही त्यानं होसकोट्याची पेठ पाहिलेली नसते.

म्हणून हा प्रश्न केवळ नवख्याच्या स्वभावाचा उरत नाही, तो गाव आखण्याचाही होतो. जुन्या होसकोट्यात देऊळ, पेठ, बसस्थानक, पारावरचा पिंपळ हे सगळं चालण्याच्या अंतरात आहे, कारण ते पायी चालणाऱ्यांच्या काळात वाढलं. महामार्गालगत वाढणाऱ्या नव्या वसाहतींची घडण वेगळी असते: उंच भिंत, एक फाटक, पहारेकरी आणि बाहेर ट्रकांची वाहतूक. आतल्या माणसाला दूध हवं असेल तर मोबाइलवर मागवणं सोपं आणि फाटकाबाहेर पायी जाणं धोक्याचं. वस्तू वेळेवर पोचतात, पण माणसाला कुणी ओळखू लागत नाही. यात कंपनीचा किंवा ग्राहकाचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण रस्ता ओलांडायला जागाच नसेल तर कुणीही घरपोच सेवाच घेईल. उपाय माहीत असलेले आहेत आणि महागही नाहीत. फुटपाथ, सावलीचं झाड आणि त्याला कट्टा, दिवा असलेला बसथांबा, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, आणि फेरीवाल्यांसाठी आखलेली जागा. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी २०१४मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यात प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची आणि त्यासाठी नगर विक्रेता समिती नेमण्याची तरतूद आहे. होसकोट्यात नव्या वसाहतीच्या नकाशाला मंजुरी देताना ही जागा नकाशावर दाखवलेली आहे की नाही, एवढं जरी नगरपालिकेनं तपासलं, तरी हजारो नवख्यांचं जगणं सुसह्य होईल. आणि तिथं राहायला गेलेल्या मराठी वाचकांना विनंती आहे: महिनाभर दूध आणि भाजी घरी मागवू नका, एकाच दुकानात ठरलेल्या वेळी स्वतः जा, जे चार कन्नड शब्द येतात ते वापरा, आणि घरातल्या बाईला व मुलांनाही सोबत न्या.